पेशीचा उंबरठा

घरातील लहान मूल जुलाबांनी मलूल झाले की आज आपल्या धर्मग्रामातील कोणतीही माता काय करते? उकळून थंड केलेले लिटरभर पाणी घेते, त्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळविते आणि ते पाणी चमच्याचमच्याने मुलाला पाजते. औषधाच्या दुकानातून पुडी आणलेली असेल तर काम आणखी सोपे. ‘जलसंजीवनी’ असे सार्थ नाव ह्या पाण्याला मराठीने दिले आहे. ते सार्थ कसे, हे घरातील वृद्ध आजीला विचारावे. तिच्या लहानपणी ह्याच दुखण्याने गावातली किती लेकरे गेली, ते ती सांगेल.

आम्हाला मात्र ह्या पाण्यासंबंधी नेहमी एक प्रश्न पडत आला. शरीरातून जे गेले ते पाणीच. मग नुसते पाणी का पुरत नाही? त्यात मीठ कशासाठी? आणि मिठाबरोबर साखर हवीच, हा आग्रह कशासाठी? ह्या साध्या प्रश्नांचा मागोवा घेत आम्ही मागे मागे जात राहिलो, तेव्हा वाट बंगालमधील एका निर्वासितांच्या छावणीतून निघून युरोपातील अनेक प्रयोगशाळांमधून गेली आणि अखेर लंडनमधील बुचाच्या एका पातळ चकतीपाशी येऊन थांबली. सजीव पेशी आणि बाहेरचे जग ह्यांच्यामध्ये जो एक अतिसूक्ष्म उंबरठा आहे, तो माणसाला कसकसा कळत गेला, त्याची ही हकीकत आहे.

बुचातील खोल्या

इ. स. १६६५ मध्ये लंडन येथे ‘मायक्रोग्राफिया’ नावाचा एक सचित्र ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचे कर्ते रॉबर्ट हूक हे रॉयल सोसायटीत प्रयोग करून दाखविण्याच्या कामावर नेमलेले होते. बाटलीचे बूच इतके हलके का असते, दाबले असता दबते का आणि पाण्यावर तरंगते का, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. त्यांनी धारदार चाकूने बुचाची अतिशय पातळ चकती कापली, ती काळ्या पृष्ठभागावर ठेवली, तिच्यावर भिंगाने प्रकाश एकवटला आणि सूक्ष्मदर्शकातून पाहिले. मधाच्या पोळ्यासारखी असंख्य कप्प्यांची रचना त्यांना दिसली. ह्या कप्प्यांना त्यांनी ‘सेल’ असे नाव दिले. मठातील संन्याशांच्या खोल्यांवरून हे नाव सुचले, असे शाळेत अनेकदा सांगितले जाते आणि आपल्यासारख्यांना ते ऐकायला गोडही वाटते. परंतु हूक यांच्या वर्णनात उपमा आहे ती मधाच्या पोळ्याची. इंचाच्या अठराव्या भागात त्यांनी सुमारे ६० कप्पे मोजले आणि त्यावरून एका घनइंचात १२० कोटींहून अधिक कप्पे असले पाहिजेत, असा हिशेब मांडला. हा आकडा त्यांना स्वतःलाच अविश्वसनीय वाटला.

हूक यांनी पाहिली ती खरे तर रिकामी घरे होती. बूच म्हणजे ओक जातीच्या एका वृक्षाची साल. तिच्यातील पेशी केव्हाच मेलेल्या, आतले बिऱ्हाड उठून गेलेले आणि फक्त भिंती उरलेल्या. राहती घरे पाहण्याचे भाग्य हॉलंडमधील डेल्फ्ट शहराच्या एका कापड व्यापाऱ्याला लाभले. अंतोनी व्हान लेव्हेनहूक ह्यांचे विद्यापीठीय शिक्षण झालेले नव्हते, लॅटिन भाषा येत नव्हती. कापडाचे धागे तपासण्यासाठी व्यापारी भिंग वापरीत. लेव्हेनहूक यांनी मात्र स्वतःच्या हाताने मण्याएवढी भिंगे घासून सूक्ष्मदर्शक तयार केले. त्यांपैकी जे आज शिल्लक आहेत त्यांतील एकातून वस्तू सुमारे २७० पट मोठी दिसते. १६७३ पासून १७२३ मध्ये मृत्यू येईपर्यंत, अशी पन्नास वर्षे त्यांनी रॉयल सोसायटीला पत्रे लिहिली. त्यांत रक्तातील तांबड्या पेशी होत्या, दातांच्या किटणातील जंतू होते, तळ्याच्या थेंबात वळवळणारे जीव होते. प्रथम त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवीना. डेल्फ्टमधील प्रतिष्ठित मंडळींच्या साक्षी त्यांना पाठवाव्या लागल्या आणि १६७७ मध्ये खुद्द हूक यांनी तेच दृश्य सोसायटीच्या सभासदांना दाखविले, तेव्हा शंका फिटली.

तरीही घर आणि बाहेरचे जग ह्यांच्यामधील व्यवहार कसा चालतो, हा प्रश्न अजून कोणी विचारलाच नव्हता. तो उभा राहिला तो सूक्ष्मदर्शकाशिवाय आणि तोही अगदी चुकून.

आबे नोले यांची कुपी

झाँ-आंत्वान नोले ह्या फ्रेंच गृहस्थांचा जन्म १७०० सालचा. धर्मशिक्षण घेऊन ते डीकन झाले आणि ‘आबे’ ही उपाधी त्यांच्या नावामागे कायमची लागली. परंतु त्यांचे मन रमले पदार्थविज्ञानात. विजेच्या प्रयोगांबद्दल त्यांची विशेष ख्याती होती. राजा पंधराव्या लुईच्या समोर त्यांनी १८० सैनिकांना हातात हात देऊन उभे केले होते आणि विजेचा झटका देऊन सर्वांना एकाच क्षणी उडी मारायला लावली होती. अशा ह्या खेळकर विद्वानाने १७४८ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एक छोटीशी नोंद सादर केली.

त्यांना मद्यार्क हवेपासून दूर ठेवायचा होता. म्हणून त्यांनी तो एका कुपीत काठोकाठ भरला, कुपीच्या तोंडावर जनावराच्या मूत्राशयाची ओली त्वचा घट्ट बांधली आणि ती कुपी पाण्याच्या भांड्यात बुडवून ठेवली. पाच-सहा तासांनी पाहतात तो त्वचा बाहेरच्या बाजूला टम्म फुगलेली! टाचणीने तिला भोक पाडताच आतल्या द्रवाची चिळकांडी सुमारे फूटभर उंच उडाली. बाहेरचे पाणी त्वचेतून आत शिरले होते. मग त्यांनी उलट केले. कुपीत पाणी भरले व ती मद्यार्कात ठेवली. तेव्हा त्वचा आत ओढली गेली. त्यांनी बरोबर ओळखले की, ह्या त्वचेतून पाण्याला जेवढी सहज वाट मिळते तेवढी मद्यार्काला मिळत नाही. दोन्ही द्रवांना दार सारखे उघडे नाही. दार निवड करते.

आपल्या गृहिणींना ह्याच नियमाची ओळख ग्रंथांवाचून झालेली आहे. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की पातेल्यात पाणी सुटते. मीठ लावलेल्या मासळीला पाणी सुटते ते ह्याच कारणाने. मनुका पाण्यात टाकल्या तर फुगतात. जिकडे मीठ-साखर अधिक, तिकडे पाणी ओढले जाते. ही ओढ मात्र तेव्हाच दिसते, जेव्हा मध्ये पाण्याला सोडणारा आणि मीठ-साखरेला अडविणारा पडदा असतो. नोले यांचा निष्कर्ष जवळजवळ पाऊणशे वर्षे विस्मृतीत पडून राहिला. १८२० च्या दशकात आंरी द्युत्रोशे ह्या फ्रेंच वैद्याने तोच विषय पुन्हा हाती घेतला आणि वनस्पतींच्या व प्राण्यांच्या शरीरातील पाण्याचे चलनवलन ह्याच ओढीने होत असावे, असे प्रतिपादन केले. पुढे विल्हेल्म फेफर यांनी १८७७ मध्ये कृत्रिम पडदा बनवून ह्या ओढीचा दाब मोजला. आज शाळेत आपली मुले ह्या क्रियेला ‘परासरण’ म्हणतात.

न दिसणारी भिंत

ह्याच काळात पेशीविषयीचे ज्ञान झपाट्याने वाढत होते. १८३१ मध्ये रॉबर्ट ब्राऊन यांनी ऑर्किडच्या पेशींतील केंद्रकाला नाव दिले. १८३८ मध्ये श्लायडेन यांनी वनस्पतींविषयी व १८३९ मध्ये श्वान यांनी प्राण्यांविषयी सांगितले की, सर्व सजीव पेशींचेच बनलेले आहेत. प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच जन्मते, हे विरशॉ यांनी १८५० च्या दशकात ठामपणे मांडले. बेल्जियममधील लूव्हेन विद्यापीठात झाँ-बाप्तिस्त कार्नुआ ह्या धर्मगुरूंनी पेशीविज्ञानाची प्रयोगशाळा उभारली आणि १८८४ साली केवळ पेशीला वाहिलेले एक नियतकालिक सुरू केले. पेशी जशीच्या तशी टिकवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहता यावी म्हणून त्यांनी सिद्ध केलेले मद्यार्क, क्लोरोफॉर्म व ॲसेटिक आम्ल ह्यांचे मिश्रण आजही त्यांच्या नावाने प्रयोगशाळेत वापरले जाते.

परंतु एक अडचण होती. पेशीच्या भोवतीचा पडदा कोणालाही दिसत नव्हता. वनस्पतीच्या पेशीची जाड भिंत दिसे. तिच्या आतले पातळ पटल मात्र दिसत नसे. त्याचे कारण पुढे कळले. ह्या पटलाची जाडी मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाहूनही कमी आहे आणि उजेडावर चालणारा सूक्ष्मदर्शक, तो कितीही उत्तम असला तरी, मिलिमीटरच्या सुमारे पाच हजाराव्या भागापेक्षा बारीक तपशील वेगळा दाखवू शकत नाही. मग जे दिसत नाही ते आहे, हे कशावरून ओळखायचे? फळावरून झाड ओळखावे तसे, त्याच्या करणीवरून.

ही करणी पाहणे कोणाच्याही आवाक्यात आहे. ज्या शाळेत साधा सूक्ष्मदर्शक असेल तिथल्या मुलांनी अवश्य करून पाहावे. जांभळ्या कांद्याची एक पाकळी घ्यावी आणि तिच्या बाहेरच्या अंगाचा रंगीत पापुद्रा चिमट्याने अलगद सोलावा. काचपट्टीवर पाण्याचा थेंब ठेवून त्यात तो पापुद्रा सुरकुती न पडू देता पसरावा. वरची पातळ काच एका कडेने टेकवून तिरपी धरावी व हळूहळू आडवी सोडावी, म्हणजे हवेचे बुडबुडे अडकत नाहीत. पाहताना आधी नेहमी कमी शक्तीचे भिंग लावावे. बाजूने डोळा ठेवून भिंग काचपट्टीच्या जवळ आणावे आणि मग वरून पाहत मोठ्या चक्राने ते दूर नेत नेत स्पष्टता साधावी. उलट केल्यास भिंग काचपट्टीवर आदळून दोन्ही फुटण्याचा धोका. चित्र स्पष्ट झाल्यावरच मोठ्या शक्तीचे भिंग फिरवावे आणि नंतर फक्त लहान चक्र वापरावे. विटांच्या भिंतीसारख्या जांभळ्या पेशींच्या ओळी दिसू लागतील.

आता पातळ काचेच्या एका कडेला मिठाच्या दाट पाण्याचा थेंब सोडावा आणि दुसऱ्या कडेला टिपकागद लावावा. मिठाचे पाणी आत ओढले जाईल. थोड्याच वेळात जांभळा रंग भिंतीपासून सुटून मध्यभागी आकसू लागेल. भिंत जिथल्या तिथे राहते. आकसते ते आतले, न दिसणाऱ्या पिशवीत बांधलेले जिवंत द्रव्य. त्यातले पाणी बाहेर गेले, पण जांभळा रंग बाहेर सांडला नाही. ह्याचा अर्थ, तिथे पाण्याला सोडणारी आणि रंगाला अडविणारी पिशवी आहे. मिठाऐवजी पुन्हा साधे पाणी दिले तर पुष्कळ पेशी पूर्ववत फुगतात. ह्या क्रियेला रससंकोच म्हणतात. ह्यूगो द व्हरीस यांनी १८७७ मध्ये तिचा सविस्तर अभ्यास केला. म्हणजे नोले यांची कुपी प्रत्येक पेशीत आहे, हेच त्यांनी दाखवून दिले.

ही पिशवी बनली आहे कशाची? झुरिक येथे अर्नेस्ट ओव्हर्टन ह्यांनी १८९० च्या दशकात शेकडो पदार्थ पेशींवर तपासून पाहिले. तेला-चरबीत विरघळणारे पदार्थ पेशीत सहज शिरतात आणि इतर अडखळतात, असे त्यांना आढळले. त्यावरून पटल स्निग्ध पदार्थाचे असावे, असा तर्क त्यांनी केला. १९२५ मध्ये लायडन येथील बालरोगतज्ज्ञ एव्हर्ट गोर्टर व त्यांचे सहकारी ग्रेंडेल यांनी रक्तातील तांबड्या पेशींतून स्निग्धांश काढला व तो पाण्यावर एकेरी थरात पसरला. पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागा त्याने व्यापली. म्हणजे पटल दुहेरी आहे! पुढे लक्षात आले की, त्यांच्या मोजणीत दोन चुका होत्या: स्निग्धांश पूर्ण निघाला नव्हता आणि पेशींचे क्षेत्रफळही कमी धरले गेले होते. दोन्ही चुकांनी एकमेकींना छेदले आणि उत्तर बरोबर आले. विज्ञानाच्या इतिहासात अशी कृपाही कधी कधी घडते. १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे पटल प्रथमच दोन काळ्या रेषांच्या रूपात डोळ्यांना दिसले. अनुमानाने मांडलेली भिंत अखेर खरी ठरली.

दार आणि द्वारपाल

परंतु भिंत समजली म्हणजे घर समजले असे होत नाही. तेलाच्या पडद्यातून मीठ जात नाही, साखर जात नाही. मग पेशी जगते कशी? तिला अन्न मिळते कुठून? भिंतीत दारे असली पाहिजेत आणि त्या दारांवर द्वारपालही असले पाहिजेत. प्रथिनांचे बनलेले हे द्वारपाल शोधून काढणे हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील काम.

डेन्मार्कमधील आर्हुस येथे येन्स स्कोऊ हे खेकड्याच्या पायातील मज्जातंतूंवर काम करीत होते. १९५७ मध्ये त्यांनी एका अशा प्रथिनाचे वर्णन केले, जे पेशीची ऊर्जा खर्चून मिठातील सोडियम सतत बाहेर उपसते आणि पोटॅशियम आत घेते. तीन कण सोडियमचे बाहेर, दोन पोटॅशियमचे आत, असा ह्या रहाटाचा क्रम. होडीत शिरणारे पाणी नावाड्याने अखंड उपसत राहावे, तसे हे काम आपल्या प्रत्येक पेशीत रात्रंदिवस चालू असते. ह्या शोधाचे नोबेल पारितोषिक त्यांना चाळीस वर्षांनी, १९९७ मध्ये मिळाले.

ह्या उपशामुळे पेशीच्या आत सोडियम नेहमीच कमी राहते आणि बाहेरच्या सोडियमला आत येण्याची ओढ लागून राहते. ही ओढ पेशी वाया जाऊ देत नाही. अमेरिकन जीवरसायनतज्ज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी ऑगस्ट १९६० मध्ये प्राग येथील एका परिषदेत आपली कल्पना मांडली. आतड्याच्या पेशीत साखर शिरते ती सोडियमच्या सोबतीने. दार एकच, पण ते एकट्या साखरेला उघडत नाही आणि एकट्या सोडियमलाही उघडत नाही. दोघे जोडीने आले, तरच द्वारपाल दोघांना आत घेतो. आणि मीठ-साखर आत गेली की त्यांच्या मागोमाग पाणी ओढले जाते, कारण नोले यांच्या कुपीचा नियम तिथेही लागू आहे.

आमच्या प्रश्नाचे उत्तर इथे मिळाले. पाण्यासाठी दार उघडायचे तर मीठ आणि साखर ह्यांनी हातात हात घालून दारावर यायला हवे. परंतु प्रागच्या सभागृहातील कल्पना आणि आपल्या स्वयंपाकघरातील पातेले ह्यांच्यामध्ये अजून एक मोठे संकट उभे होते.

पटकीचे तांडव

आमच्याकडे कॉलऱ्याला पटकी म्हणत. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळपर्यंत दगावे. ह्या रोगात शरीरातून तासाला लिटरभरही पाणी जाऊ शकते. १८३१ साली ही साथ इंग्लंडात पोहोचली, तेव्हा विल्यम ओशॉनेसी ह्या बावीस वर्षांच्या आयरिश वैद्याने रोग्यांचे रक्त तपासून दाखविले की, त्यातील पाणी आणि क्षार नाहीसे झालेले असतात. ते ऐकून स्कॉटलंडमधील थॉमस लॅटा यांनी १८३२ मध्ये क्षारयुक्त पाणी थेट रोग्यांच्या शिरेत सोडले आणि मरणोन्मुख रोगी डोळ्यांदेखत शुद्धीवर येऊ लागले. परंतु निर्जंतुकतेचे ज्ञान नव्हते, साधने नव्हती आणि लॅटा पुढच्याच वर्षी वारले. उपाय मागे पडला. ओशॉनेसी पुढे हिंदुस्थानात आले आणि कलकत्ता, आग्रा व मुंबई जोडणारे तारायंत्राचे मार्ग उभारणारे म्हणून इतिहासाला ठाऊक झाले.

१८५४ मध्ये फ्लॉरेन्स येथे फिलिपो पाचिनी यांनी पटकीने दगावलेल्यांच्या आतड्यात सूक्ष्मदर्शकाने स्वल्पविरामासारखे वाकडे जंतू पाहिले, पण त्यांच्या हयातीत त्यांची दखल फारशी कोणी घेतली नाही. हा जंतू मारतो कसा, हे कळायला आणखी शंभर वर्षे जावी लागली. १९५९ मध्ये कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी सिद्ध केले की, जंतू स्वतः शरीरात पसरत नाही. तो आतड्यात राहून एक विष सोडतो आणि त्या विषाने पाणी बाहेर झरू लागते. आज आपण जाणतो की, हे विष आतड्याच्या पेशीचे क्षाराचे एक दार सताड उघडे करते. क्षार बाहेर वाहतो व त्यामागे पाणी वाहते. परंतु मीठ-साखरेचे जोडदार मात्र ह्या विषाच्या तावडीतून सुटलेले असते. एक दार शत्रूच्या हाती गेले, तरी दुसरे आपल्या हाती उरते.

ह्या दुसऱ्या दाराने रोग्याला वाचविता येईल, हे एका दिवसात सिद्ध झाले नाही. १९५३ मध्ये कलकत्त्याचे हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी तोंडावाटे मीठ-साखरेचे पाणी देऊन सौम्य रोगी बरे केल्याचे लिहिले, पण वैद्यकविश्वाने कानाडोळा केला. १९६० च्या दशकाच्या आरंभी मनिला येथे झालेल्या एका प्रयत्नात द्रावण अति तीव्र झाले आणि काही रोगी दगावले. ह्या अपयशाची धास्ती बराच काळ टिकली. अखेर १९६८ मध्ये ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश ह्या तरुण डॉक्टरांनी रोगी जेवढे पाणी गमावतो तेवढेच मोजून पाजण्याची पद्धत बसविली. शिरेतून द्याव्या लागणाऱ्या सलाइनची गरज त्यामुळे सुमारे ८० टक्क्यांनी कमी झाली.

तरीही शंका होतीच. रुग्णालयात, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली हे ठीक. अडाणी नातेवाइकांच्या हाती ते कसे सोपवावे?

१९७१ चे वर्ष आले. पूर्व बंगालमध्ये युद्ध पेटले आणि लक्षावधी निर्वासित सीमा ओलांडून भारतात आले. बनगाव येथील छावण्यांत पटकी पसरली. तिथे काम करणाऱ्या डॉ. दिलीप महालनबिस यांच्या रुग्णालयात दोनच खोल्या होत्या. जमिनीवर ओळीने रोगी पडलेले, त्यांच्या विष्ठेत गुडघे टेकून सलाइन लावायचे, अशी अवस्था. आणि सलाइनचा साठा संपत आला. महालनबिस यांनी मग निर्णय घेतला. लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा अशा पुड्या कलकत्त्यात बांधून घेतल्या, छावणीत पिंपांमध्ये द्रावण तयार केले, पिंपांना तोट्या बसविल्या आणि आया, बाप, भाऊ, बहिणी ह्यांना सांगितले, पेल्याने भरून घ्या आणि आपल्या माणसाला पाजत राहा. त्या छावण्यांत सुमारे ३० टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण त्यांच्या रोग्यांमध्ये ३.६ टक्क्यांवर आले.

अडाणी म्हणून ज्यांच्यावर भरवसा नव्हता, त्याच मातांनी हे घडविले. नोले यांच्या कुपीपासून बनगावच्या पिंपापर्यंत दोनशे तेवीस वर्षे लोटली होती. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे ही पद्धत जगभर नेली आणि आजवर कोट्यवधी जीव तिने वाचविले आहेत. महालनबिस यांचे ऑक्टोबर २०२२ मध्ये निधन झाले. त्यांचे नाव आपल्या घरांत कमीच घेतले जाते. भारत सरकारने २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले.

नोले यांच्या प्रश्नाची एक बाजू तेव्हाही उरली होती. पाणी पटलातून एवढ्या वेगाने जाते कसे? १९९२ मध्ये अमेरिकेतील पीटर ॲग्रे यांनी त्याचे उत्तर दिले. रक्तपेशींतील एक अनोळखी प्रथिन त्यांनी बेडकाच्या अंड्यांत निर्माण करविले आणि ती अंडी साध्या पाण्यात सोडली. साधी अंडी जशीच्या तशी राहिली. ही मात्र फुगली आणि फुटली, अगदी आबे नोले यांच्या त्वचेसारखी. ते प्रथिन म्हणजे केवळ पाण्यासाठी असलेले दार होते. २००३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

चिमटीचे माप

ही सारी हकीकत आम्ही एवढ्या विस्ताराने सांगितली, कारण तिच्यात एक घरगुती धडा आहे. जलसंजीवनीत माप महत्त्वाचे. अधिक साखर म्हणजे अधिक शक्ती, असे समजून पुष्कळ घरांत मूठभर साखर टाकली जाते. पण आतड्यातले पाणी अति गोड झाले, तर नोले यांचा नियम उलटा लागतो: शरीरातले पाणीच आतड्यात ओढले जाते आणि जुलाब वाढतात. बाजारातील गोड शीतपेयांनीही हेच होते. मीठ अति झाले तर लहान मुलाला ते घातक ठरते. म्हणूनच २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पुडीतील मीठ व साखर दोन्हींचे प्रमाण आणखी कमी केले. पुडी एक लिटरची असेल तर पाणी बरोबर एक लिटरच घ्यावे. पेलाभर पाण्यात अर्धी पुडी, असा अंदाजाचा कारभार करू नये. अंगावर पिणाऱ्या बाळाला दूध पाजणे थांबवू नये. उलटी झाली तरी दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याने सुरुवात करावी आणि मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले, लघवी बंद झाली किंवा शौचातून रक्त पडले, तर क्षणाचाही विलंब न लावता डॉक्टरांकडे न्यावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ मधील माहितीनुसार, पाच वर्षांखालील चार लाखांहून अधिक बालके दरवर्षी अतिसाराने दगावतात. उपाय सापडलेला आहे, स्वस्त आहे, घरात आहे. तरी हे होते. काही ठिकाणी स्वच्छ पाणी नाही, काही ठिकाणी पुडी पोहोचत नाही, तर काही ठिकाणी पुडी असूनही तिच्यापेक्षा इंजेक्शनावर अधिक विश्वास असतो. शेवटची अडचण तरी आपल्या हातची आहे. आपल्या धर्मग्रामातील महिला मंडळांनी आणि युवकांनी वस्तीवस्तीतून, विशेषतः पावसाळ्याच्या तोंडाशी, हे पाणी करून दाखविण्याचा उपक्रम हाती घ्यावा, असे आम्हाला सुचवावेसे वाटते. सोबत शाळेतील सूक्ष्मदर्शक आणि एक जांभळा कांदा नेला तर मुलेही कुतूहलाने जमतील. मिठाच्या थेंबाने आकसलेली आणि पाण्याने पुन्हा फुललेली पेशी ज्याने एकदा डोळ्यांनी पाहिली, त्याच्या हातून चमच्याचे माप सहसा चुकणार नाही.